पहिलारू शेळी एका पिलाला जवळ करत नाही, आधी काय करावं?

सावनेरकर (सकाळी ८:४०)

नमस्कार मंडळी. बेरारी शेळी, पहिलंच वेत, आज पहाटे चारच्या सुमारास व्याली. दोन पिलं आहेत. काट्यावर पहिलं १ किलो ९०० ग्रॅम, दुसरं १ किलो ६०० ग्रॅम. पहिल्याला ती चाटते, दुसरं जवळ आलं की हुंगते आणि डोक्यानं उडवते. दुसरं जन्मलं तेव्हा ती पहिल्यातच गुंतली होती, म्हणून त्याला पोत्यानं कोरडं करून अर्धा-पाऊण तास चुलीजवळ ठेवलं. तिथून आणून सोडलं तेव्हापासून घेऊन नाही राहिली.

पहिलं सडाला तोंड लावतं, सोडतं, पुन्हा लावतं. पोटात काही गेलं की नाही ते कळत नाही. कास ताठ आहे, डावी बाजू थोडी मोठी. वार (पिलामागून पडणारं गर्भाचं वेष्टन) अजून पडली नाही. घरच्यांचं म्हणणं, वार पडल्याशिवाय चीक (व्याल्यावरचं पहिलं दाट दूध) पाजू नये, पिलाला हगवण लागते. दुसरं पिलू उभं राहतं पण मान टाकून. गोठा तीन बाजूंनी पोत्यांनी झाकलेला, रात्री थंडी चांगलीच होती. आधी काय करू?

हिंगण्याचा गोठा (सकाळी ८:५५)

भाऊ, शेळीला समजावायचं काम नंतर. आधी दोन्ही पिलांच्या पोटात चीक गेला पाहिजे, आणि तो आत्ता. वारेची वाट अजिबात पाहू नका.

शेळीच्या पोटात असताना रोगाशी लढणारी द्रव्यं वारेतून पिलापर्यंत जात नाहीत. ती सगळी चिकातूनच मिळतात. पिलाचं आतडं ती जशीच्या तशी शोषून घेतं, पण ही सोय पहिले काही तासच जोरात चालते. सहा तासांनंतर शोषण घटत जातं आणि चोवीस तासांत जवळपास बंद होतं. तुमची पिलं जवळजवळ पाच तासांची झाली. वार पडायला बारा तासही लागू शकतात, म्हणजे तोवर थांबलात तर चीक असूनही त्याचा अर्धा उपयोग गेला. हगवणीचं म्हणाल, तर चीक सारक असतो हे खरं, आणि ते चांगलंच आहे. पिलाची पहिली काळी, डांबरासारखी चिकट लेंडी त्यानंच बाहेर पडते. उलट पिलू सड ओढतं तेव्हा शेळीच्या अंगात जे संप्रेरक सुटतं, त्यानं पान्हाही येतो आणि गर्भाशय आकुंचन पावून वार पडायलाही मदत होते. घरच्यांना एवढं जरूर सांगा.

आता सडाकडे या. पहिलारू शेळीच्या सडाच्या तोंडाशी मेणासारखं बूच असतं. पिलू ओढतं, काही येत नाही, सोडून देतं. तुमच्या पहिल्या पिलाचं वागणं बरोबर तसंच वाटतं. कोमट पाण्यानं कास धुवा, स्वच्छ फडक्यानं कोरडी करा. अंगठा आणि त्याच्या शेजारच्या बोटानं सडाचा वरचा भाग आवळायचा, मग उरलेली बोटं वरून खाली एकेक मिटत आणायची. खाली ओढायचं नाही, त्यानं सड दुखतो आणि शेळी आणखी बिथरते. दोन्ही सडांच्या दोन-तीन धारा काढा. बूच निघालं की धार मोकळी होते. या पहिल्या धारा काळ्या फडक्यावर किंवा काळ्या ताटलीत घ्या. चीक पिवळा, दाट, एकसारखा दिसला तर ठीक. गुठळ्या, पाणी, रक्त दिसलं किंवा डावी बाजू हाताला गरम आणि दगडासारखी लागली, तर लगेच इथे लिहा.

एकट्यानं धरायचं असेल तर शेळीची एक कूस भिंतीला लावा, दुसऱ्या कुशीला आपला गुडघा टेकवा, गळपट्टा डाव्या हातात. शिंगाला धरू नका, शिंगाला धरलं की ती झुंजायला लागते. समोर मूठभर तुरीचं कुटार (भुसा) किंवा सुबाभळीचा पाला ठेवा. दुसरा माणूस असेल तर त्यानं तोंडापाशी उभं राहायचं आणि बोलत राहायचं, एवढंच.

पिलाचं तोंड जबरदस्तीनं सडात कोंबू नका. हनुवटीखाली दोन बोटं ठेवून ओठाला सड टेकवा, एक थेंब जिभेवर पिळा आणि दुसऱ्या हातानं शेपटीच्या मुळाशी खाजवा. आई पिलाला तिथेच हुंगते-चाटते. तो स्पर्श झाला की पिलू आपोआप तोंड वर करून शोधायला लागतं.

उमरेड पशुधन (सकाळी ९:१०)

वरचं सगळं बरोबर, पण मान टाकलेल्या पिलाला काही पाजण्याआधी त्याचा ताप मोजा. मेडिकलमधला साधा डिजिटल थर्मामीटर चालतो, टोकाला थोडं तेल लावून गुदद्वारात हलकेच सरकवायचा. पिलाचं तापमान साधारण १०१.५ ते १०३.५ फॅरनहाइट असतं. तोंडात स्वच्छ बोट घालूनही पाहा. आतून ऊब लागली आणि बोट चोखलं तर तोंडानं पाजता येईल. तोंड थंडगार आणि चोखण्याची हालचालच नाही, तर ओतायचं नाही. गिळता न येणाऱ्या पिलाच्या घशात दूध ओतलं की ते फुफ्फुसात जातं, आणि दोन दिवसांनी पिलू न्यूमोनियानं जातं. लोक म्हणतात थंडीनं गेलं. थंडीनं नसतं गेलेलं.

९९ ते १०१ असेल तर कोरडं करा, चीक पाजा, ऊब द्या. ९८.६ च्या खाली असेल तर आधी ऊब, नंतर चीक. त्यातही एक मेख आहे. पाच तासांहून मोठं, उपाशी आणि इतकं गार पडलेलं पिलू एकदम शेकलं तर अंगातली उरलीसुरली साखर झपाट्यानं जळते आणि त्याला झटके येतात. अशा पिलाला शेकण्याआधी डॉक्टर पोटाच्या पोकळीत ग्लुकोजचं इंजेक्शन देतात. ते घरी करायचं काम नाही, १९६२ या जनावरांच्या डॉक्टरांच्या हेल्पलाइनला फोन लावा. तुमचं पिलू नेमकं त्या पाच तासांच्या उंबरठ्यावर आहे, म्हणून आकडा आधी सांगा.

पिलाची नाळही पाहून घ्या. लांब लोंबत असेल तर पोटापासून दोन इंच ठेवून कापा आणि छोट्या वाटीत टिंक्चर आयोडीन घेऊन पूर्ण बुडवा, वरवर बोळा फिरवून भागत नाही.

सावनेरकर (सकाळी १०:०५)

दुसऱ्याचा ताप ९९.४. बोट चोखतं, पण हळू. दोन्ही सडांतून मेणासारखे खडे निघाले, नंतर धार मोकळी लागली. चीक पिवळा, दाट, गुठळ्या नाहीत. डावी बाजू ताठ आहे पण गरम नाही, दाबलं तर थोडी दबते. पहिलं पिलू आता घटघट पिऊन राहिलं, शेपटीही हलवतं. दुसऱ्याला धरून लावलं तर शेळी खाली बसते. गंजात (पातेल्यात) ११० मिली चीक काढला आहे. किती पाजू, कशानं पाजू? नाळेला आयोडीन लावलं.

उमरेड पशुधन (सकाळी १०:१५)

९९.४ म्हणजे पाजता येईल. चोखतं आहे तर बाटलीच, नळीची गरज नाही.

एका वेळेला किलोमागे ५० मिली हे माप धरा. १ किलो ६०० ग्रॅमच्या पिलाला ८० मिली. पहिल्या चोवीस तासांत वजनाच्या निदान दहा टक्के, म्हणजे तुमच्या दुसऱ्याला १६० मिली आणि पहिल्याला १९० मिली. हे अगदी कमीत कमी. सध्याच्या थंडीत अंग गरम ठेवायलाच पिलाच्या चिकाचा बराच भाग खर्च होतो, त्यामुळे दुसऱ्याला ३०० मिलीपर्यंत गेला तर उत्तम. आता ८० मिली द्या, उरलेला ३० मिली झाकून गार जागी ठेवा, दोन-तीन तासांनी पुन्हा धार काढून त्यात भर घाला.

चीक काढून वेळ झाला असेल तर भांडं कोमट पाण्यात ठेवून अंगाइतका गरम करा, मनगटावर थेंब टाकला तर किंचित ऊन लागला पाहिजे. थेट चुलीवर ठेवायचा नाही. चीक तापला की खरवस होतो, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. पण दह्यासारखा घट्ट व्हायच्या आधीच त्यातली संरक्षण देणारी द्रव्यं बिघडायला लागतात, हे ध्यानात येत नाही.

लहान मुलाच्या बाटलीचं मऊ बूच घ्या. बाटली उलटी धरली की थेंब थेंब पडला पाहिजे, धार लागली तर भोक मोठं आहे. पिलाला उभं करा किंवा पायांवर बसवा, मान थोडी वर, आईच्या कासेखाली असते तशी. तान्ह्या बाळासारखं मांडीवर उताणं घ्यायचं नाही. मान त्या ठेवणीत असली आणि पिलू चोखत असलं की अन्ननलिकेकडची खाच मिटते आणि दूध सरळ शेवटच्या पोटात जातं. उताणं धरलं तर ठसका लागतो. मध्येच दमलं तर अर्धा मिनिट थांबा. नाकातून दूध परत आलं तर तोंड उघडून टाळू पाहा, काही पिलांची टाळू जन्मतः फाटलेली असते आणि मग पाजण्याची पद्धतच बदलावी लागते.

काटोल रोड (सकाळी १०:४०)

चोखणं बंद पडलं तर काय, तेही लिहून ठेवतो, रात्री बारा वाजता शोधाशोध नको. मेडिकलमध्ये १२ किंवा १४ नंबरची राइल्स ट्यूब (तोंडातून पोटात घालायची बारीक नळी) आणि ५० मिलीची सिरिंज मिळते, आजच आणून ठेवा. पिलाच्या ओठापासून शेवटच्या बरगडीपर्यंत नळी बाहेरून मोजून पेनानं खूण करायची. टोक कोमट पाण्यात ओलं करून तोंडाच्या बाजूनं जिभेवरून हळूहळू सरकवायची, पिलू गिळत जाईल तसतशी. खोकलं, तडफडलं किंवा खुणेच्या बऱ्याच आधी अडली, तर काढा आणि पुन्हा घाला. बरोबर गेली असेल तर मानेच्या डाव्या बाजूला श्वासनळीशेजारी दुसरी नळी बोटाला लागते. खात्री पटल्याशिवाय एक थेंबही टाकायचा नाही. सिरिंजचा दट्ट्या काढून नुसतं नळकांडं जोडा, चीक आपल्या वजनानं उतरू द्या, दाबू नका. काढताना नळी चिमटीत बंद करून काढा, नाहीतर टोकातला चीक श्वासनळीत गळतो. पहिल्यांदा करत असाल तर कोणाकडून तरी एकदा समोर करवून घ्या. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यक महाविद्यालयाच्या दवाखान्यात दाखवायला नेलंत तर तिथे विचारा.

शेळी नाकारते त्याबद्दल. पहाटे चूक कुठे झाली ते तुम्हीच लिहिलं आहे: पोतं आणि चूल. शेळी पिलाला डोळ्यांनी नंतर ओळखते, आधी वासानं. व्याल्यानंतरच्या पहिल्या तास-दोन तासांत ती पिलावरचं पाणी चाटते आणि तोच वास डोक्यात बसवते. दुसऱ्या पिलाच्या अंगावरचं पाणी पोत्यानं पुसलं गेलं, वर धुराचा वास बसला. तिच्या लेखी ते परकं पिलू आहे. तिच्यात वाईट काही नाही, मारू नका.

वार पडली की हातमोजे घालून वारेवरचा ओलावा दुसऱ्या पिलाच्या पाठीवर, डोक्यावर आणि मुख्य म्हणजे शेपटीखाली चोळा. तोवर तिचाच चीक तिथे चोळा, आणि दोन्ही पिलं एका टोपल्यात अंगाला अंग लावून तासभर ठेवा, म्हणजे वास एकमेकांत मिसळतो. पिलाच्या अंगावर चिमूटभर मीठ टाकलं तर चाटायला सुरुवात करते, तेही चालतं. गोठ्यात आज फिनाइल शिंपडू नका. काहीजण शेळीच्या नाकाला व्हिक्स लावायला सांगतील. मी तो उपाय सुचवणार नाही, कारण त्यानं दोन्ही पिलांचे वास मरतात आणि जे पिलू ती घेते आहे तेही हातचं जायची भीती असते.

हिंगण्याचा गोठा (सकाळी ११:०५)

व्हिक्सबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. दोन्ही पिलं नाकारणाऱ्या शेळीला ते लावून पाहायला हरकत नाही, कारण तिथे गमावण्यासारखं काही नसतं. इथे मात्र काटोलवाल्यांचं बरोबर.

ती खाली बसते हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. नुसता परका वास असता तर ती उडवेल, निघून जाईल. सडाला हात लागताच बसते म्हणजे कास दुखते आहे. पहिलारूला व्याल्यावर कासेला सूज येते, ताठ सडाला पिलाचे दात लागतात. पिलं खालचे पुढचे दात घेऊनच जन्मतात, बोट घालून पाहा. गरम पाण्यात फडकं पिळून डाव्या बाजूला सात-आठ मिनिटं शेका, मग हलक्या हातानं खालून वर चोळा, मग थोडी धार काढून ताण कमी करा. कास मऊ पडली की अर्ध्या शेळ्या आपोआप उभ्या राहतात. तरीही दुखत असेल तर डॉक्टरांकडून दुखण्याचं औषध घ्या. घरातली डायक्लोफिनॅकची गोळी किंवा इंजेक्शन देऊ नका. गिधाडांच्या मरणाला ते कारण ठरलं म्हणून जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे. पान्हा येत नाही म्हणून कोणी ऑक्सिटोसिन टोचायला आला तर त्यालाही नको म्हणा, डॉक्टर तपासून देतील तर गोष्ट वेगळी.

बांधायची पद्धत. चार बाय पाच फुटांचा कोपरा करा, त्यात ती आणि दोन्ही पिलं, दुसरी जनावरं नकोत. भिंतीलगत दोन बांबू उभे रोवा, मधे फक्त तिची मान मावेल एवढं अंतर, वर-खाली आडवी काठी बांधा. मान आत, डोकं पलीकडे. तिला बसता-उठता यावं, चारा-पाणी तोंडापुढे असावं, पण मागे वळून पिलाला हाणता येऊ नये. या खोड्यात पिलं हवं तेव्हा पितील. दिवसातून दोन-तीनदा मोकळी करून फिरवा आणि दुसऱ्या पिलाशी कशी वागते ते उभं राहून पाहा. तीन ते पाच दिवस लागतात, हुंगून न मारता उभी राहिली की खोडा काढा. मागचा पाय बांधून वर टांगायचा प्रकार करू नका. ती तोल जाऊन पिलावर पडते.

सावनेरकर (सायंकाळी ५:३०)

वार दुपारी एकच्या सुमारास आपोआप पडली, खड्ड्यात पुरली. त्याआधी सांगितल्याप्रमाणे शेपटीखाली चोळलं. दुसऱ्यानं तीन वेळा मिळून २१० मिली घेतलं, ताप आता १०१.८. काळी लेंडी झाली. शेकल्यावर शेळी खाली बसत नाही. दोन वेळा धरून दुसऱ्याला उजव्या सडावर लावलं तर प्यालं, पण सोडली की अजून ढकलते. खोडा बांधून झाला. तिला खायला काय द्यायचं? रात्रीसाठी पिलाला बारदान्याचं झबलं शिवलं आहे, ते घालू का?

काटोल रोड (सायंकाळी ५:५०)

झबलं घाला, पण मागून एवढं आखूड करा की शेपटी आणि मांड्या पूर्ण उघड्या राहतील. आई तिथेच हुंगते, ते झाकलं तर दिवसभराची मेहनत पाण्यात जाईल. दोन्ही पिलांना घाला, एकालाच नको. डिसेंबर-जानेवारीत नागपूरकडे रात्रीचा पारा दहाच्या खाली उतरतो, आणि पहाटे चार ते सहा ही पिलांसाठी सर्वांत वाईट वेळ. खाली सोयाबीनचं किंवा तुरीचं कुटार वीतभर जाड आणि कोरडं हवं. १०० वॅटचा पिवळा दिवा लावणार असाल तर पिलांच्या पाठीपासून तीन फूट वर, तारेनं पक्का बांधलेला, सुतळीनं नाही. कुटार पेट घेतं. चूल किंवा शेगडी गोठ्यात नको.

शेळीला कोमट पाण्यात गूळ द्या, दोन लिटरला ५०-१०० ग्रॅम. पिईल तेवढं साधं पाणीही सतत समोर ठेवा, पाणी कमी पडलं तर दूध कमी पडतं. आज कुटार आणि हिरवा पाला, ढेप नाही. उद्यापासून सरकी ढेप (पेंड) आणि तुरीची चुनी मिळून १०० ग्रॅम, चार-पाच दिवसांत वाढवत २५०-३०० ग्रॅम. बाळंतीण म्हणून पहिल्याच दिवशी भरपूर दाणा दिला तर पोट आंबतं, ती खाणं सोडते आणि दूध आटतं.

उमरेड पशुधन (सायंकाळी ६:२०)

वार वेळेत पडली, ती काळजी मिटली. पुढच्या वेतासाठी ध्यानात ठेवा: बारा तासांत पडली नाही तर डॉक्टर, हातानं ओढायची नाही, तिला वजन बांधायचं नाही.

रात्रीचं वेळापत्रक असं ठेवा. नऊ, बारा, तीन आणि सहा वाजता दुसऱ्या पिलाला धरून पाजा, आधी सड आणि पोट रिकामं वाटलं तरच बाटली. बाटलीची चटक लागलेलं पिलू सड शोधायचं सोडून देतं, म्हणून दर वेळी सुरुवात सडावर. उजवा-डावा सड आलटून पालटून द्या, नाहीतर डावी बाजू पुन्हा ताठेल. पोट भरलं की नाही ते बरगड्यांमागे हात लावून पाहा: खपाटीला गेलं असेल तर उपाशी, ढोलासारखं ताणलं असेल तर जास्त, आणि बाजूंनी सरळ, मऊ असेल तर बरोबर. पोटभर प्यालेलं पिलू मुटकुळं करून झोपतं आणि उठवलं की अंग ताणून आळस देतं. पाठीचा कणा कुबडासारखा काढून, गप्प, एका कोपऱ्यात उभं असलेलं पिलू उपाशी असतं. ओरडणाऱ्यापेक्षा गप्प पिलाकडे आधी जा.

उद्यापासून रोज सकाळी एकाच वेळी दोघांचं वजन करा, पिशवीत घालून काट्याला लटकवलं तरी चालेल. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून रोज निदान ५० ग्रॅम चढलं पाहिजे. लेंडी काळ्यावरून पिवळी, चिकट होईल, ती हगवण नाही. शेपटीखाली चिकटून मार्ग बंद झाला तर कोमट पाण्यानं भिजवून काढा, ओढू नका, आणि धुतल्यावर तिथे पुन्हा थोडं दूध चोळा.

कास मात्र पहाटे सहाला हातानं तपासायचीच. गरम, लाल, कडक आणि दुधात गुठळ्या असतील तर ती दगडी (कासेचा आजार), सकाळीच डॉक्टर. आणि एखादी बाजू थंड, निळसर-काळपट वाटली तर सकाळचीही वाट पाहू नका. त्या वेळी पिलं बाजूला काढा, दोघांनाही बाटलीवर घ्या आणि शेळीला गाडीत घाला.